काका म्हणाले, ओरिजिनलच

गॅरेजमध्ये आमचा एक ठरलेला प्रश्न असतो. गाडी खोलायची, काय गेलंय ते बघायचं आणि गिऱ्हाइकाला विचारायचं, "ओरिजिनल टाकू का लोकल?" ओरिजिनल म्हणजे कंपनीच्या सीलबंद डब्यातला नवा माल. लोकल म्हणजे दिसायला तसाच, पण कुणी बनवलाय ते विचारायचं नाही असा. भोपाळला आल्यापासून हा प्रश्न मी इतक्या जणांना विचारलाय, की या शब्दाला आणखी काही अर्थ असतो हे माझ्या ध्यानातच राहिलं नव्हतं. काकांच्या गाडीचा क्लच गेला तेव्हा ते ध्यानात आलं, आणि तेव्हापासून हा प्रश्न विचारताना माझी जीभ जरा अडखळते.

मी मूळचा जतच्या बाजूचा. नववीत इंग्रजी आणि गणितात उडालो. पुन्हा त्याच वर्गात धाकट्या चुलतभावाच्या बाकावर बसायची लाज वाटली म्हणून शाळाच सोडली. तेव्हा माझे दाजी भोपाळजवळ मंडीदीपच्या एका कारखान्यात होते. बहिणीने मला इकडे बोलावून घेतलं. कारखान्यातलं कंत्राटी काम काही टिकलं नाही. पुढे दाजींची बदली परत महाराष्ट्रात झाली, दोघं सामान बांधून गेली आणि मी मिसरोदच्या या गॅरेजमध्ये राहिलो. राहिलो म्हणजे काय, परत जायला तोंड नव्हतं. गावात सगळ्यांना वाटत होतं की मी कारखान्यात पर्मनंट झालोय.

काका मला रस्त्यावर भेटले. होशंगाबाद रोडच्या कडेला एक फिकट राखाडी रंगाची जुनी विलायती गाडी बॉनेट उघडून उभी होती आणि तिच्याशेजारी कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेले एक गृहस्थ, जणू गाडी बंद पडलेली नसून विश्रांती घेतेय अशा थाटात. आमच्या उस्तादांनी, म्हणजे गॅरेजच्या मालकांनी, मला बघायला पाठवलं. मी हात घातला तर पाइप सणसणीत तापलेला. तोंडातून "आयला!" निघून गेलं.

"मराठी का?" ते म्हणाले.

"हो."

"मग 'आई गं' म्हणावं. आयला काय?"

त्या दिवसापासून ते माझे काका. एका मोठ्या सरकारी कारखान्यातून इंजिनियर म्हणून निवृत्त झालेले. काकू जाऊन बरीच वर्षं झालेली. शिवाजी नगरला मुलीच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहतात. मुलीला मी ताई म्हणतो, त्या सरकारी कचेरीत आहेत. घरात दोघंच, आणि बाहेर पत्र्याच्या शेडमध्ये ती गाडी. नोकरीच्या सुरुवातीला काकांनी ती निवृत्त होणाऱ्या एका साहेबाकडून विकत घेतली होती आणि तेव्हापासून त्यांच्याशिवाय कुणी चालवलेली नाही. ताईंनीसुद्धा नाही. ताई स्कूटरवर जातात.

दाजी गेले त्याच वर्षी मला कावीळ झाली. खोलीवर पडून होतो. ताईंनी रजा टाकली आणि मला सरकारी दवाखान्यात नेलं. पुढे बरा होईपर्यंत रोज डबा आला. मऊ भात, मुगाचं पातळ वरण, कधी उकडलेला बटाटा. तेल नाही, तिखट नाही, आणि मी ते खाताना रडायचो, कारण गावी मला कुणी इतकं जपून जेवायला घातलेलं मला आठवत नव्हतं. त्याच सुमारास घरमालक खोली खाली कर म्हणत होता, आजारी माणूस ठेवायला तयार नव्हता. काका त्याच्या दारात जाऊन एवढंच म्हणाले, "हा लडका मेरी पहचान का है." खोली राहिली. परमुलखात आपल्याबद्दल असं म्हणणारं कुणीतरी असावं लागतं, हे मला तेव्हा कळलं. अजूनही त्यांच्या घराची बेल दाबण्याआधी मी मनात उजळणी करतो, की आपल्या हातून काही चुकलं तर नाही ना.

गेल्या हिवाळ्यात काकांचा फोन आला. "सहा नंबर बस स्टॉपच्या चढावर इंजिन बोंबलतंय आणि गाडी हलत नाही. वर जळका वास."

हे ऐकूनच कळतं. क्लचची प्लेट घासून गेलेली. मी जाऊन गाडी आणली, गिअरबॉक्स उतरवला. प्लेट पार अस्तर ठोकलेल्या रिबिटांपर्यंत झिजली होती. मी काकांना फोन लावला आणि सवयीने विचारलं, "काका, प्लेट गेलीय. ओरिजिनल टाकायचं ना?"

"म्हणजे काय? ओरिजिनलच. हे विचारायचं असतं का?"

मी उस्तादांना सांगितलं, ओरिजिनल बोले हैं. उस्ताद पक्के भोपाळी. म्हणाले, "वो तो बोलेंगेई. बड़े आदमी हें, लोकल थोड़ी डलवाएंगे." मग त्यांनी दिल्लीला फोन केला. गाडी बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली आहे, पण विलायतेत अशा गाड्यांसाठी कुणी कुणी अजून माल बनवतं. तिथून नव्या पद्धतीचा अख्खा क्लच मागवला. जुन्या क्लचमध्ये प्लेटीला दाबून धरायला जाड गोल स्प्रिंगा असतात आणि त्या दाबायला पायात जोर लागतो. नव्या पद्धतीत त्यांच्या जागी एकच पातळ पोलादी चकती असते, पाकळ्या कापल्यासारखी. पायाला लोण्यासारखी. काकांचा डावा गुडघा ऑपरेशन करून बदललेला, आणि क्लच डाव्याच पायाचा. मी मनातून फार खूश होतो. वाटलं, काकांसाठी आपल्या हातून एक बरं काम होतंय.

सीलबंद डबा गिऱ्हाइकासमोर फोडायचा ही आमच्याकडची रीत. नंतर कुणी म्हणायला नको की डब्यात लोकल भरलं. म्हणून मी डबा आल्यावर काकांना बोलावलं. ताईही आल्या. मी ब्लेडने पट्टी कापली, कागद बाजूला केला आणि चकाकणारा क्लच दोन्ही हातांनी काकांच्या पुढे धरला.

"हे काय आहे?" काका म्हणाले.

"ओरिजिनल, काका. सीलबंद."

"इम्पोर्टेड हे साब," उस्ताद म्हणाले. "गाड़ी मक्खन हो जाएगी."

काकांनी ते हातात घेतलं, उलटं केलं, पाकळ्यांवरून अंगठा फिरवला. "आहे सुंदर. आणि माझं कुठाय?"

"तुमचं?"

"माझं. ओरिजिनल."

मग मी बाकाखाली बोट केलं. तिथे घासलेटच्या ट्रेमध्ये त्यांच्या गाडीतून काढलेला क्लच बुडवून ठेवला होता. काका काठी टेकत गेले, स्टुलावर बसले आणि इस्त्रीच्या बाह्या सावरत ट्रेमध्ये वाकून बघायला लागले.

"याला म्हणतात ओरिजिनल. जे पहिल्यापासून आहे ते."

"गॅरेजमध्ये त्याला जुना म्हणतात, काका."

ताईंना हसू फुटलं. उस्तादांना मराठी कळत नाही, ते मला कोपराने ढोसायला लागले, "को खां, क्या बोल रिये हें?" मी म्हटलं, पुराने वाले को ओरिजिनल बोल रहे हैं. उस्तादांनी कपाळावर हात मारला. "अमां, तो ऐसा बोलते न! पुराना तो पुराना होता हे, ओरिजिनल केसे हो गया?"

"बाबा," ताई म्हणाल्या, "तुमचा गुडघा ओरिजिनल नाही आणि क्लच मात्र ओरिजिनल पाहिजे?"

"गुडघ्याला इलाज नव्हता. याला आहे." काकांनी माझ्याकडे बघितलं. "हा नवा बसवायला काय करावं लागेल?"

मी खरं ते सांगितलं. क्लच ज्या जड चाकाला बसतो, त्या फ्लायव्हीलची भोकं जुन्या क्लचच्या मापाची. नव्या पुर्ज्यासाठी दुसरी भोकं पाडावी लागतील.

"आणि उद्या कुणाला जुना परत बसवायचा झाला तर?"

"बसेल. पण भोकं राहतील."

"मग नको. भोकं नाही पाडायची. प्लेटीला नवं अस्तर मार, आतल्या स्प्रिंगा चांगल्या आहेत, त्या तशाच ठेव." त्यांनी रुमालाने बोटं पुसली. "आणि हे तू 'पुर्जा पुर्जा' काय करतोस रे? भाग म्हण."

काका गाडीच्या दिशेने गेले, तिच्या छतावर हात ठेवून उभे राहिले. तेवढ्यात ताईंनी मला गॅरेजच्या कडेला घेतलं. आवाज खाली आणून म्हणाल्या, "बाबांना तो क्लच दाबवत नाही. मी शेजारी बसते ना, बघते. दाबताना ओठ आवळतात, पाय काढल्यावर श्वास सोडतात. डॉक्टरांना सांगत नाहीत, मला सांगत नाहीत."

"मग तुम्ही त्यांना..."

"मी गाडी नको म्हटलं तर ते उद्यापासून खुर्चीत बसतील, मला माहितीय. औषधं आणायला, बँकेत, तळ्यावर, सगळीकडे ते या गाडीने जातात. ती थांबली की तेही थांबले." त्यांनी काकांकडे बघून घेतलं. "तू काहीतरी कर. हलका कर तो. पण त्यांना कळू देऊ नकोस."

मी "बघतो ताई" म्हटलं. दुसरं काय म्हणणार? ज्या बाईने महिनाभर माझा भात शिजवला, तिला मी नाही कोणत्या तोंडाने म्हणू?

उस्तादांना मी हे सांगितलं तर त्यांच्याकडे उपाय तयारच होता. जुन्या क्लचच्या पोटातल्या स्प्रिंगा काढायच्या, त्याच मापाच्या मऊ स्प्रिंगा घालायच्या. "ऊपर से ओरिजिनल का ओरिजिनल. किसके बाप को पता चलेगा?"

"चढाव पे फिसलेगा, उस्ताद." स्प्रिंग मऊ झाली की प्लेट घट्ट दाबली जात नाही.

"अरे तो वो कौन सा ट्रक खींच रिये हें? दवाई लाने जाते हें. तुम भी न, फालतू में जान सुखाते हो."

जीव सुकवायचा हा माझा स्वभावच आहे, उस्ताद तेवढं बरोबर बोलले. मऊ स्प्रिंगा आल्या. त्यांना निळा रंग होता. मी एका हातात काकांची काळी पडलेली स्प्रिंग घेतली आणि दुसऱ्या हातात निळी, आणि दोन्ही अंगठ्याने दाबून बघत बसलो. निळी सहज दबायची. काळीला दोन्ही अंगठे लावावे लागायचे. कितीतरी गिऱ्हाइकांना आम्ही न सांगता छोटीमोठी कामं करून दिली आहेत, त्यांच्या भल्याचीच, आणि माझी झोप कधी उडाली नाही. यावेळी मात्र जेवण जाईना. ताईंचं ऐकावं तर काकांना फसवायचं. काकांचं ऐकावं तर ताईंना तोंड कसं दाखवायचं? दोघं वेगवेगळ्या घरातली असती तर बरं झालं असतं. एकाच्या घरी जाणं बंद केलं असतं.

आणि या सगळ्यात मला एक भलतीच भीती वाटत होती, तीही सांगतो. काकांनी "हा माझ्या ओळखीचा" म्हणून मला उभं केलं. उद्या त्यांना कळलं की मी त्यांच्या गाडीच्या पोटात दुसरं काही भरून वर झाकण लावलं, तर त्यांची ती ओळख खोटी ठरेल. मग या गावात माझं असं काय राहील?

गॅरेजची सुट्टी गुरुवारी असते. मी शिवाजी नगरला गेलो. ताई कचेरीत गेलेल्या. काकांनी स्वतः चहा केला, कप आणताना बशीत थोडा सांडला, मी उठायला लागलो तर "बस" म्हणाले.

मी सांगून टाकलं. मऊ स्प्रिंगा मागवल्यात, त्या आत घालायचा विचार चाललाय.

"कुणाची कल्पना?"

"उस्तादांची."

"आणि हिची?"

मी चहा ढवळत राहिलो. साखर केव्हाच विरघळली होती.

"बरं," काका म्हणाले. "चढावर सरकेल रे."

"सरकेल. पण काका..." पुढचं बोलायला मला फार जड गेलं. त्या माणसासमोर आवाज चढवणं सोडा, मी कधी पाय पसरून बसलेलो नाही. "काका, तुमच्या पायाला तो क्लच झेपत नाही."

बाहेर भाजीवाल्याच्या गाडीवरचा भोंगा वाजत होता. आलू, टमाटर, पालक. तो पार कोपऱ्यावरून वळून गेला.

"प्लेटीवरून ओळखलंस?"

"हो. पाय पूर्ण खाली गेला नाही की प्लेट घासत राहते. ही प्लेट वयाने गेलेली नाही."

"ते मला माहितीय. गेलं वर्षभर माहितीय." त्यांनी डाव्या गुडघ्यावर हात ठेवला, पँटवरूनच, जसा कुणी दुसऱ्याच्या वस्तूवर ठेवतो. "मी कारखान्यात होतो तेव्हा एक मशीन सारखं अडायचं. आमच्या एका पोराने त्याच्या धोक्याच्या दिव्याचा बल्बच काढून ठेवला. दिवा लागायचा बंद झाला, साहेब खूश." ते हसले नाहीत. "तुम्ही मला हलका क्लच द्याल. मी म्हणेन, वा, पाय सुधारला. मग मी आणखी लांब जाईन. झेपत नसेल तर ते मला कळू दे ना. तेवढं तरी माझ्याकडे राहू दे."

"मग काय करू?"

"होता तसा बसव. झेपतं का नाही, ते माझं मी बघेन."

मी तसंच केलं. प्लेटीला नवं अस्तर मारलं, रिबिटा एकेक बघून ठोकल्या. काळ्या स्प्रिंगा घासून पुसून परत जागेवर घातल्या. माझ्या हातात जेवढं होतं तेवढं केलं. पेडलपासून क्लचपर्यंतच्या दांड्यांमध्ये वर्षानुवर्षांचं ग्रीस वाळून दगड झालं होतं, ते खरवडलं, सांध्यांतले झिजलेले बुश नवे करून घातले. पेडल थोडं हलकं लागायला लागलं. थोडंच. मी स्वतः बसून पुन्हा पुन्हा दाबलं आणि प्रत्येक वेळी स्वतःला सांगितलं, होईल, एवढं जमेल त्यांना. पण माझा गुडघा शाबूत होता.

शनिवारी ताईंचा फोन आला. "झालं ना? केलंस ना मी सांगितलं ते?"

"ताई, जुन्याच स्प्रिंगा आहेत."

पलीकडे चालू असलेला नळ बंद झाला.

"मी काकांना विचारलं, ताई. ते नको म्हणाले."

"विचारलंस?" त्या एका शब्दात इतकं काही होतं की मी फोन कानापासून जरा लांब धरला. "मी तुला काय सांगितलं होतं? एक गोष्ट मागितली तुझ्याकडे." आणि फोन ठेवला. मी लगेच परत लावला, त्यांनी उचलला नाही. संध्याकाळी पुन्हा लावला, तेव्हाही नाही. आयुष्यात त्यांनी माझ्याकडे खरंच एवढी एकच गोष्ट मागितली होती.

रविवारी सकाळी काका एकटेच ऑटोने गॅरेजला आले. शर्ट नेहमीसारखा कडक. काठी त्यांनी मागच्या सीटवर टाकली, चालकाच्या जागेवर बसले, खिडकीची काच पूर्ण खाली घेतली. उस्तादांनी "बिस्मिल्ला कीजिए साब" म्हणून बॉनेटवर थाप मारली. काकांनी क्लच दाबला. मी शेजारच्या सीटवरून त्यांच्या ओठांकडे बघत होतो. ओठ आवळले गेले. पण पेडल खाली गेलं, गिअर न कुरकुरता पडला आणि गाडी अशी सुटली की मागून उस्तादांची शिट्टी ऐकू आली.

"बघितलंस?" काका म्हणाले.

"बघितलं."

मोठ्या रस्त्यावर गाडी छान पळत होती. सिग्नल आला की काका गाडी न्यूट्रलला घेऊन पाय काढून घ्यायचे आणि दिवा हिरवा व्हायच्या जरा आधी पुन्हा तयार. इतकी वर्षं चालवणाऱ्या माणसाला ते सांगावं लागत नाही. शेजारून जाणारी पोरं मोबाइल काढून गाडीचे फोटो घेत होती. एकाने ओरडून विचारलं, "अंकल, कौन सा मॉडल?" काका म्हणाले, "मेरे से छोटी है." मलाही हसू आलं. वाटलं, ताई उगाच घाबरतात, आणि मी त्यांच्याहून भित्रा.

सहा नंबरच्या अलीकडे रस्ता खणून ठेवला होता. अर्धा रस्ता पत्रे लावून बंद, उरलेल्यात सगळी वाहनं दाटीवाटीने, आणि तिथेच चढ सुरू होतो. न्यूट्रलला घ्यायला सवडच नव्हती. हातभर पुढे जायचं, थांबायचं, पुन्हा हातभर. प्रत्येक वेळी क्लच पूर्ण खाली. काकांची मांडी थरथरायला लागली. पहिल्यांदा मला वाटलं इंजिनचं कंपन आहे. मग बघितलं तर त्यांनी डावा हात गुडघ्यावर ठेवून तो खाली रेटून धरला होता आणि उजव्या हाताने एकट्याने स्टिअरिंग.

"काका, बाजूला घेऊ या?"

"कुठे घेतोस? पत्र्यात?"

पुढे एक स्कूटर होती. बाई चालवत होत्या, मागे शाळकरी मुलगी, तिच्या वेणीला लाल रिबीन. काकांचा पाय सुटला. गाडीने पुढे हिसका घेतला आणि मी नकळत हँडब्रेक खेचला. इंजिन आचका देऊन बंद पडलं. गाडी त्या मुलीच्या पाठीपासून वीतभर अंतरावर थांबली होती. मुलीने मागे वळून बघितलं, तिला काहीच कळलं नव्हतं, ती बॉनेटवरचं चकाकणारं बोधचिन्ह बघायला लागली. बाईंनी आरशातून बघितलं आणि म्हणाल्या, "अंकल, आराम से." रागाने नाही. काकांनी हात वर करून माफी मागितली. तो हात बराच वेळ तसाच वर राहिला.

मागून हॉर्न सुरू झाले. काकांनी गाडी पुन्हा सुरू केली. क्लच दाबला, अर्धाच गेला, आणि गिअर टाकताना आतून कर्रर्र करून दात घासल्याचा आवाज आला. मी तो आवाज रोज ऐकतो, शिकाऊ पोरांच्या गाड्यांमधून. या गाडीतून कधी ऐकला नव्हता. मला वाटतं काकांनीही ऐकला नव्हता. त्यांचा चेहरा एकदम उतरला, हिसका बसला तेव्हा उतरला नव्हता इतका. त्यांनी गिअर परत काढला आणि इंजिन बंद केलं.

"इकडे सरक," ते म्हणाले.

"मी?"

"मग कोण? मागचे लोक खोळंबलेत."

ते दार उघडून उतरले आणि काठीशिवाय, बॉनेटला धरत धरत, त्या हॉर्नच्या गोंगाटातून गाडीला वळसा घालून माझ्या दाराशी आले. मी सीटवरून सरकून स्टिअरिंगमागे गेलो. सीटला अजून त्यांची ऊब होती. माझे पाय पेडलांना नीट पुरत नव्हते, पण सीट पुढे घ्यायला माझा हात धजला नाही. तसाच टोकावर बसून चालवली. चढ पार झाला. क्लच घट्ट धरत होता, कुठे जराही सरकला नाही. काका समोर बघत होते. एकदाच म्हणाले, "डावीकडून."

क्वार्टरच्या फाटकात ताई उभ्या होत्या. त्यांना आधी गाडी दिसली आणि मग स्टिअरिंगमागे मी दिसलो. त्यांचा हात फाटकाच्या कडीवर तसाच राहिला. मला वाटलं आता त्या मला बोलतील, आणि बोलल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी फाटक उघडलं, मी गाडी शेडमध्ये लावली. काका उतरले.

"क्लच उत्तम बसवलाय याने," ते ताईंना म्हणाले. "अगदी पहिल्यासारखा." आणि कठड्याला धरून पायऱ्या चढून आत गेले.

ताई गाडीकडे बघत होत्या. मी म्हटलं, "ताई, माझं चुकलं का?"

"मला नाही माहीत," त्या म्हणाल्या. मग फाटक लोटत, "जेवून जा." मी गॅरेजचं निमित्त सांगितलं. रविवारी गॅरेज अर्धाच दिवस असतं हे त्यांना माहीत आहे. त्यांनी आग्रह केला नाही.

मिसरोदच्या बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं की गाडीची किल्ली माझ्याच खिशात आहे. काकांनी मागितली नव्हती. काका स्वतःची किल्ली कधी विसरत नाहीत. आता ती परत नेऊन द्यावी, तर मी त्यांना म्हणतोय की चालवा. ठेवून घ्यावी, तर म्हणतोय की पुरे. आणि माझ्यासारख्या माणसाने त्यांना या दोन्हीतलं काय म्हणायचं? बस चढावरून खाली उतरली, पत्रे मागे गेले. मी शर्टाच्या खिशावर हात ठेवून बसलो होतो, की बसच्या हिसक्याने ती कुठे पडू नये.